तुझ्या नावावर माझा श्वास

दादा,

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राख सावडायला निघालो होतो. मामा रिक्षात बसले होते, वहिनी दारात उभ्या होत्या, आणि माझ्या शर्टाच्या खिशात तुझा फोन वाजला. दोन दिवस तो बंद पडला होता. त्या सकाळी मीच तो चार्जिंगला लावला होता, कशासाठी ते मला सांगता येणार नाही. पडद्यावर नेहमीची ओळ आली: दहा मिनिटांत फुंका. माझा हात आपसूक पँटच्या खिशाकडे गेला. तिथं श्वासातली दारू ओळखणारं ते यंत्र होतं, साबणाच्या वडीएवढं, तुझ्या चष्म्याच्या कापडात गुंडाळलेलं. तुझी राख तिकडं गार होत होती आणि मी तुझ्या नावानं फुंकायला आडोसा शोधत होतो.

त्या दिवशी मी फुंकलं नाही. दहा मिनिटं गेली, लाल खूण उमटली, आणि मला तिची भीती वाटली. तेव्हापासून नांदेडच्या व्यसनमुक्तीच्या दवाखान्यातून मॅडमचे फोन येत राहिले. आज दुपारपर्यंत मी एकही उचलला नाही. तू गेलास हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. त्यांच्या लेखी तू अजून होतास, फक्त चुकार झाला होतास.

उद्या तुझा तेरावा. तोवर माणूस घराच्या आसपास घुटमळतो म्हणतात. तू असल्या गोष्टींना हसायचास, मीही काही फार मानत नाही. तरी ऐकत असलास तर ऐक. आज दुपारी दुकानात जे झालं ते शेवटी सांगतो. आधीचं क्रमानं सांगतो, कारण तू पोरांना म्हणायचास, थेट उत्तर लिहिणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही, पायऱ्या दाखव.

आपण दोघं एकसारखे दिसतो याचं आपल्याला कधी कौतुक नव्हतं. तेच फताडं नाक, तीच मिशी. तुझं कपाळ मोठं व्हायला लागलं आणि सहा वर्षांनी माझंही. तू वरच्या मजल्यावर केमिस्ट्री शिकवायचास, मी त्याच इमारतीत खाली झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान चालवतो. तुझ्या क्लासची पोरं टेस्टचे पेपर घेऊन जाताना मला ‘थँक्यू सर’ म्हणून जायची. तू चष्मा लावायचास, मी लावत नव्हतो. तू प्यायचास, मी चहासुद्धा घेत नव्हतो. आपल्याला वेगळं ओळखायला लोकांजवळ एवढंच होतं.

तुझं पिणं मी वीस-बावीस वर्षं पाहिलं. बहुतेक वर्षं ते निभावून नेता आलं. मग एका सकाळी तू फळ्यावर एकच समीकरण तीनदा लिहिलंस, वर्ग हसला, आणि पुढच्या बाकावरच्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या पालकांच्या मोबाइलवर होता. क्लासच्या संचालकांनी तुला घरी बसवलं. वहिनी लेकीला, ऋतूला घेऊन कंधारला माहेरी गेल्या, आणि जाताना माझ्या हातात किल्ली देऊन म्हणाल्या, “भावजी, ह्यांना बगा. मी आता थकले.” आठवड्याभरात मी तुला एसटीत घालून नांदेडच्या दवाखान्यात घेऊन निघालो.

त्या एसटीतलं आपलं भांडण अर्धंच राहिलं. लोहा यायच्या आधी मी म्हणालो, “मॅडमला सगळं सांग. भूकंपाचंबी सांग.”

तू खिडकीबाहेर बघत होतास. “त्येचा काय संबंध?”

“तिथूनच सुरू झालं ना समदं.”

“भूकंप झाला तवा मी चौदाचा होतो. पहिला घोट घेतला चोविसाव्या वर्षी, दोस्तांसंगं, हसत हसत. मला चव आवडली सुध्या. एवढंच हाय. भूकंपानं आदीच लई केलंय. हे तरी त्याच्या माथी मारू नको.”

“तसं नसतंय दादा. मनात राहतंय ते.”

“आपल्या गावचे किती पोरं वाचले? समदे पितेत का? तू तर बाजूलाच होतास माझ्या, तू काहून पीत न्हाईस मग?”

मला ते पटलं नव्हतं. त्या पहाटे मी आठ वर्षांचा होतो. तू मला मातीच्या ढिगातून हातांनी उकरून काढलंस. आई-बाबांपर्यंत तुझे हात पोचले नाहीत. पुढं मामांचं लातूरचं घर, तुझ्या शिकवण्या, त्यावर झालेलं माझं शिक्षण, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तू भूकंपामुळे पितोस असं असतं तर तुझ्या पिण्यात माझा थोडा वाटा होता, आणि वाटा असला म्हणजे मला काहीतरी करता आलं असतं. तुला नुसती चव आवडते म्हटल्यावर माझ्या हातात काहीच उरत नव्हतं. म्हणून मी भूकंप सोडायला तयार नव्हतो. हे तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

एकवीस दिवस तू आत राहिलास. घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी तुला आणि मला समोर बसवून तो मोबाइलचा प्रयोग समजावला. एक फोन आणि हे यंत्र तुला मिळणार. दिवसातून तीन वेळा, कधी ते आधी न सांगता, फोन वाजणार. दहा मिनिटांत यंत्रात फुंकायचं, फुंकताना फोन तुझा फोटो काढणार. दारू नसली तर हिरवी खूण. खुणा साठत गेल्या की बक्षीस, आधी रिचार्ज, मग किराण्याचे कूपन, मग घरातली वस्तू, चढत्या क्रमानं. घरच्या एका माणसाच्या मोबाइलवर रोज संध्याकाळी मेसेज येणार. वहिनींचा नंबर दिला. सहा महिने पुरे झाले की प्रमाणपत्र.

तू म्हणालास, “म्हणजे मी पोरांची टेस्ट घेतो तशी तुमी माझी घेणार. निगेटिव्ह मार्किंगबी हाय का?”

मॅडम हसल्या नाहीत. “आहे सर. एक चुकली की पुन्हा पहिल्यापासून.”

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि आणखी एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, “पुन्हा प्यायला लागले आणि मग कशानं तरी दारू एकदम बंद पडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, झटकेही येतात. त्यात माणूस जाऊ शकतो. असं काही दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, लाजायचं नाही.” मी मान हलवली. दादा, मी ते नीट ऐकलं होतं. हे इथं लिहून ठेवणं मला भाग आहे.

त्यानंतरचे दोन महिने तू खरंच प्यायला नाहीस. त्या दोन महिन्यांचे आभार कुणाचे मानू कळत नाही, म्हणून तुझेच मानतो. तुझी बोटं थरथरायची थांबली. ऋतूच्या वहीत तू पट्टी न लावता षटकोन काढायचास आणि माझ्याकडे बघायचास, बघ, अजून जमतंय. महिन्याभरानं बक्षिसाचा कुकर आला तेव्हा तू तो दुकानात घेऊन आलास, काउंटरवर ठेवलास आणि गंभीर तोंडानं म्हणालास, “पोरांना सांगतो मार्कांसाठी शिकू नका. आन मी हितं कुकरसाठी फुंकून राहिलो.” मी इतका हसलो की पेपर उलटसुलट छापले गेले. त्याच आठवड्यात वहिनी आणि ऋतू कंधारहून परत आल्या. त्या कुकरातलं पहिलं वरण मी तुझ्या घरी जेवलो.

जेवण झाल्यावर वहिनी ओट्याशी उभ्या राहून मला हळू आवाजात म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून मी ह्यांचं तोंड हुंगत आले भावजी. दार उघडलं की आदी हुंगायचं, मग या म्हणायचं. आता सांजच्याला मेसेज येतंय. आता हुंगायचं काम न्हाई.” त्या हसत होत्या. मला वाटलं, देवानं हा फोन आणखी आधी का नाही काढला.

संचालकांनी तुला परत घेतलं, पण रिपीटर पोरांच्या बॅचवर. प्रमाणपत्र आणा, मग पूर्वीची बॅच देतो म्हणाले. आणि त्या व्हिडिओपासून क्लासमध्ये नवा नियम झाला होता, मास्तरांनीही वर्गात फोन न्यायचा नाही. म्हणून तुझा फोन आणि यंत्र माझ्या दुकानात राहायला लागलं. वाजला की मी दोन जिने पळत वर यायचो, तू खडू हातात घेऊन जिन्यावर यायचास, फुंकायचास, परत आत. पोरं विचारायची तर तू सांगायचास, बीपीचं यंत्र आहे. ती आपली पद्धत बसून गेली होती. मला तर त्या पळापळीचा अभिमान वाटायचा. लहानपणी तू मला ओढून बाहेर काढलंस, आता मी तुझ्यासाठी जिने चढतोय असं काहीतरी डोक्यात असायचं.

मग ती दुपार. फोन वाजला, मी वर पळालो, तर तुझ्या वर्गात दुसरे सर उभे. शिपाई म्हणाला, “सर खाली पार्किंगमंदी गेलेत.” मी उलटा पळालो. जनरेटरच्या मागं तुझ्या स्कूटरवर तू बसला होतास. हातात तुझी पाण्याची स्टीलची बाटली. जवळ आल्यावर वास आला. तू माझ्याकडं बघितलंस, मग माझ्या हातातल्या फोनकडं. सहा मिनिटं उरली होती.

तू काही मागितलं नाहीस. हे मला स्वच्छ लिहायचं आहे, कारण पुढं कुणी म्हणेल की पिणाऱ्यानं भावाला कामाला लावलं. पहिल्यांदा तू मागितलं नव्हतंस. मीच तुझ्या नाकावरचा चष्मा काढला, स्वतःला लावला, फोन समोर धरला आणि फुंकलं. फोटो निघाला. हिरवी खूण आली. तू हात पुढं करून म्हणालास, “चष्मा दे.” तेवढंच बोललास आणि वर्गात गेलास. का प्यायलास ते मी विचारलं नाही. तूही काही कारण सांगितलं नाहीस, आणि खोटं कारण सांगितलं नाहीस म्हणून मी तुला आजही मानतो.

त्या सहा मिनिटांत माझ्या डोळ्यासमोर कंधारची एसटी होती, दुसरं काही नव्हतं. लाल खूण आली की संध्याकाळी वहिनींना मेसेज जाणार, त्या पुन्हा बॅग भरणार, सगळं पहिल्यापासून. आपल्या माणसांत एक खोड आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटलं, आजचा दिवस झाकू, उद्यापासून तो आहेच की पहिल्यासारखा. तुझ्या एका दिवसाच्या घसरणीला मॅडमनी काय केलं असतं? फोन केला असता, नांदेडला बोलावलं असतं, चार शब्द सुनावले असते. बक्षीस बुडालं असतं. तू कदाचित वाचला असतास.

तीन-चार दिवसांनी तू दुकानात येऊन म्हणालास, “सुध्या, आजच्या दिस.” त्यानंतर तू म्हणायचंही सोडलंस. फोन माझ्याकडेच राहिला. मी बाजारातून तुझ्यासारखी फ्रेम आणली, साध्या काचेची. दुकानाच्या मागं कागदाची रिमं रचलेली असतात तिथं उभा राहून मी दिवसातून तीनदा तुझ्याऐवजी शुद्धीत असायचो. खुणा हिरव्या. बक्षिसं चढती. मिक्सर आला तेव्हा वहिनींनी मला खास बोलावून त्यात वाटलेली चटणी खायला घातली.

वहिनींना वास आला नसेल असं मी म्हणत नाही. तू वेलदोडे चघळायचास, उशिरा जेवायचास, पण नाक ते नाक असतं. तरी रोज संध्याकाळी मेसेज यायचा. मोबाइलनं सांगितल्यावर आपल्याच नाकावर कोण विश्वास ठेवतो? त्यांनी वीस-बावीस वर्षांचं हुंगणं माझ्या भरवशावर सोडलं होतं.

एकदा मी हिंमत केली. म्हणालो, “उद्यापासून मी फुंकणार न्हाई.” तू शांतपणे म्हणालास, “नको फुंकू.” मला वाटलं होतं तू चिडशील, हातापाया पडशील, ऋतूची शपथ घालशील. तू काहीच केलं नाहीस. सगळं माझ्यावर टाकून पेपर तपासत बसलास. दुसऱ्या दिवशी फोन वाजला आणि मी चष्मा लावला. या गोष्टीसाठी मला तुझा राग येतो, अजून येतो. एकदा तरी ओरडायचं होतंस.

त्याच दिवसांत लातुरात जमिनीतून तो गूढ आवाज आला होता, आठवतं? टँकर अंगावरून गेल्यासारखा. सगळी इमारत रिकामी झाली, लोक रस्त्यावर उभे, कुणी रडतंय, कुणी घरी फोन लावतंय. तू एकटा वर फळ्यासमोर उभा होतास. पोरं खाली येऊन कौतुकानं सांगत होती, सर घाबरत नाहीत. मी वर बघत होतो. तुझ्या टेबलावर स्टीलची बाटली होती, आणि तुला बहुतेक आवाज ऐकूच आला नव्हता.

चौथ्या महिन्यात मॅडमनी तुला नव्या लोकांसमोर बोलायला नांदेडला बोलावलं. हिरव्या खुणांचा सगळ्यात चांगला तक्ता तुझा होता. एसटीत मी तुझ्या शेजारी बसलो होतो आणि तुझी बाटली आपल्या दोघांच्या मधे होती. दवाखान्याच्या हॉलमध्ये तू उभा राहिलास, टेबलाचा काठ घट्ट धरलास आणि म्हणालास, “मी माझ्या भावाच्या श्वासावर हितं उभा हाय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी पदरानं डोळे पुसत माझ्याकडं बघत होती. तू त्या दिवशी खरं बोललास, सगळ्यांसमोर, आणि एकालाही कळलं नाही. तुला कुणीतरी पकडावं असं वाटत होतं का रे? मला हे विचारायचं होतं. परतीच्या एसटीत तू झोपलास.

टाळ्या थांबल्यावर मॅडम उठल्या आणि म्हणाल्या की सरांचा फोन त्यांचा भाऊ सांभाळतो, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. यापुढं प्रत्येकाचा फोन घरच्या एका माणसाकडं ठेवायचा. समोर पंधरा-वीस घरची माणसं बसली होती, बायका, भाऊ, एक-दोन बाप. त्यांनी तिथल्या तिथं फोन आपल्या हातात घेतले. मी त्यांचे हात बघत होतो. मी तरीही काही बोललो नाही.

मग तू क्लासच्या जिन्यावरून पडलास. सकाळचं लेक्चर होतं, पोरांनी उचललं, मांडीचं हाड मोडलं होतं. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फॉर्म भरताना विचारलं, “दारू?” वहिनींनी पर्समधून मोबाइल काढला. इतक्या अभिमानानं काढला, दादा. एकेक मेसेज सरकवून दाखवला. “चार महिने वर झाले डॉक्टर. एक थेंब न्हाई.” डॉक्टर म्हणाले, “छान,” आणि त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. मी तुझ्या पायथ्याशी उभा होतो. तू मला बघत होतास. मी ठरवलं, डॉक्टरांना एकट्याला गाठून सांगू. मग वहिनी सोबत होत्या. मग ऑपरेशनची सही होती. मग तुला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी तुझी बोटं चादरीवर थरथरायला लागली. त्याच वेळी फोन वाजला, आणि मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन चष्मा लावून फुंकून आलो. सवय ही अशी असते. संध्याकाळी तू पलंगावरून उतरायला बघत होतास. मोडका पाय ओढत होतास. “भिंत हालायलीय. सुध्याला भाईर काडा. माती पडायलीय त्याच्यावर.” नर्सनी धरून ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, हे काय म्हणताहेत? वहिनी रडत म्हणाल्या, “भूकंपातले हायेत ते. बसलंय मनात.” डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं.

आणि मी मान डोलावली, दादा. सगळ्या आयुष्यात तू ज्या एका गोष्टीला नकार दिलास, ती मी तुझ्या उशाशी उभा राहून खरी म्हणून सांगितली. मॅडमचे शब्द माझ्या कानात होते. थरथर, भास, मग झटके. मला सगळं ठाऊक होतं, आणि वहिनींच्या हातातल्या मोबाइलकडं बघून माझी जीभ उचलत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुला झटके आले तेव्हा मी डॉक्टरांच्या मागं पळालो आणि त्यांना दाराआड सांगितलं. ते म्हणाले, “रोज प्यायचे? किती दिवसांपासून?” मी म्हणालो, दोन महिने वर झाले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं. “हे परवा सांगायचं होतं,” म्हणाले आणि आत धावले. मग सुया, नळ्या, वरच्या मजल्यावरची खोली. दुपारी तू गेलास. डॉक्टर वहिनींना काही बोलले नाहीत. ते काम त्यांनी माझ्यावर ठेवलं असावं. मी ते आजपर्यंत केलं नव्हतं.

आज दुपारी वहिनी दुकानात आल्या. उद्या हार घालायला तुझा फोटो हवा होता. “ह्यांचा एकबी धड फोटो न्हाई बगा. त्या फोनमंदी रोजचे असतीन ना?” त्यांनी हात पुढं केला. मला नाही म्हणता आलं असतं. बिघडला म्हणता आलं असतं. मी खिशातून काढून दिला. त्या स्टुलावर बसल्या आणि एकेक फोटो सरकवायला लागल्या. पहिल्या-पहिल्या फोटोंना हसल्या. “केसबी विंचरले न्हाईत. हा बरा हाय. हा बगा, खडू लागलाय नाकाला.” मागं मशीन चालू होतं, एका क्लासची टेस्ट छापत होतो.

मग त्यांचं बोट थांबलं. त्या एक फोटो मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या. आणखी चार-पाच बघितले. नवऱ्याचं नाक आणि दिराचं नाक एकच असलं तरी बाईला डोळे कळतात.

“भावजी, मशीन बंद करा.”

मी बंद केलं. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि बोट टेकवलं. “हितपर्यंत हे हायेत. हितून पुढं तुमी हायेत.”

“हाव.”

“मी डॉक्टरला मेसेज दाखवायले तवा तुमी तितंच हुबे होते.”

“हाव, वहिनी.”

त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मग म्हणाल्या, “बावीस वर्षं हुंगलं तवर जित्ते होते. चार महिने इश्वास ठेवला.”

मी त्यांना सगळं सांगितलं, पार्किंगपासून. तुला सांगितलं त्याच क्रमानं. हॉलमधल्या माणसांनी हातात घेतलेल्या फोनपर्यंत आलो आणि काउंटरवरचा तुझा फोन वाजायला लागला. नांदेडचा नंबर होता. वहिनींनी पडद्यावरचं नाव वाचलं, फोन माझ्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, “उचला. माझ्यासमोर बोला.”

मी उचलला. मॅडमचा आवाज काळजीचा होता. “सर, अहो किती दिवस झाले, एक नोंद नाही, फोन नाही. बरे आहात ना?”

“मॅडम, मी सुधाकर बोलतोय,” मी म्हणालो. “त्यांचा धाकटा भाऊ.” मग तू गेल्याचं सांगितलं, कशानं गेलास ते सांगितलं, ते फोटो कुणाचे आहेत ते सांगितलं. आणि म्हणालो, “घरच्या माणसांकडं दिलेले फोन आजच्या आज परत घ्या.”